पाण्याच्या वाटेने पेठा दाखवणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

आईबाबा पहिल्यांदाच नांदेडहून पुणं बघायला आले आणि तुम्ही तुमची रविवारची अख्खी सकाळ आम्हाला दिलीत. त्याचे आभार चारचौघांत मानावेत, म्हणून हे जाहीर पत्र.

माझी यादी नेहमीचीच होती: शनिवारवाडा, लाल महाल, कसबा गणपती, तुळशीबाग. तुम्ही म्हणालात, "सगळं बघू, पण पाण्याच्या मागोमाग जाऊ."

१८२८ च्या आगीनंतर शनिवारवाड्यात जोती आणि तटबंदीच उरली. बाबा जरा हिरमुसले होते. तुम्ही त्यांना हजारी कारंज्यापाशी नेलंत आणि नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून, जमिनीखालच्या दगडी नळातून, निव्वळ उताराच्या जोरावर पाणी इथवर कसं आणलं ते समजावलंत. बाबांची हयात पाटबंधारे खात्यात गेली. मग ते तुम्हाला सोडेचनात!

कसब्यात तांबट आळीत आईने घागर घेतली. पुढे काळा हौद कुठे होता ते दाखवलंत. मी रोज अप्पा बळवंत चौकात पुस्तकांना जाते, पण कात्रजचं पाणी या पेठांमधल्या हौदांवर येत होतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

बाहुलीच्या हौदापाशी आई बराच वेळ थांबली. डॉ. विश्राम घोले यांनी आपल्या मुलीच्या, काशीबाईच्या, म्हणजे त्यांच्या लाडक्या ‘बाहुली’च्या स्मरणार्थ तो बांधला. मुलगी शिकते म्हणून नातलगांनीच तिला काचा खाऊ घातल्या, असं सांगतात. आई स्वतः सातवीत शाळेतून काढलेली. ती काही बोलली नाही, फक्त माझा हात धरला.

तिथून तुम्ही मुद्दाम गंज पेठेत, फुले वाड्यात नेलंत. गावातले हौद सगळ्यांसाठी नव्हते. १८६८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. पेशव्यांच्या कारंज्याइतक्याच आदराने तुम्ही तो दाखवलात, किंबहुना जास्तच. माझ्या यादीत तो नव्हता. आता पुण्यात येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी तिथेच नेणार आहे.

दिवाळीनंतर आत्या येते आहे. तिला पर्वती चढवत नाही, पण पेठांमधून ती दिवसभर चालेल. तुम्ही याल ना? बाबांनी नळाच्या उताराबद्दलचे प्रश्न वहीत लिहून ठेवलेत, तेही सोबत आणते.

तुमची,
सदाशिव पेठेत अभ्यासाला राहणारी एक मुलगी