इसार देण्याआधी

इंग्लंड
१२ नोव्हेंबर

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

फराळाचा डबा पोचला. चकल्या अख्ख्या आल्या, अनारसे थोडे मोडले, पण चव तीच. खोकला गेला आहे, काळजी करू नका. जेवणखाण, भाडं, बस हे सगळं फोनवर होतंच, ते पुन्हा लिहीत नाही. बाबांनी गेल्या फोनवर दोन गोष्टी विचारल्या आणि मी दोन्ही वेळा विषय बदलला. एक, मी इथे नक्की काय करते, की एवढं शिकून कारकुनीच. दुसरी, प्लॉटचा इसार कधी द्यायचा. दोन्हीची उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत, म्हणून सावकाश लिहून पाठवते.

बाबा, कारकुनी नाही. १९४७ साली इथे कायदा झाला आणि तेव्हापासून जमीन तुमची असली तरी तिच्यावर बांधायचं किंवा तिचा वापर बदलायचा तर कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, परवानगी लागते. मी तिच्याच बांधकाम-परवानगी खात्यात आहे. किरकोळ कामं सोडलेली आहेत. शेजाऱ्याशी भिंत सामायिक असेल तर घरामागे ३ मीटर, सुटं घर असेल तर ४ मीटर एक मजली वाढ, उंचीबिंचीच्या अटी सांभाळून, अर्ज न करता चालते. त्यापुढचं सगळं आमच्या टेबलावर येतं. लहान अर्जाला ८ आठवडे, १० किंवा जास्त घरं असतील तर १३. मुदत टळली तर अर्जदार थेट अपिलात जाऊ शकतो, म्हणून घड्याळ सतत डोक्यावर.

अर्ज वाचायच्या आधी तो पुरा आहे का ते बघायचं, आणि सगळ्यात जास्त चुका तिथेच सापडतात. १:१२५० चा नकाशा लागतो. अर्जातल्या जमिनीभोवती लाल रेषा, मालकाची लगतची बाकी जमीन निळ्या रेषेत. ही लाल रेषा सार्वजनिक रस्त्याला टेकलीच पाहिजे. पुष्कळदा ती फाटकापाशीच थांबते, आणि फाटक ते रस्ता एवढी हातभर पट्टी दुसऱ्याच्याच नावावर निघते. घर मंजूर झालं तरी जायला वाट नाही. दुसरी चूक मालकीच्या दाखल्याची, म्हणजे जमीन कुणाची ते अर्जदाराने लिहून द्यायचं त्याची. भिंत आपल्याच हद्दीत काढलेली असते, पण छताची पन्हळ वीतभर शेजाऱ्याच्या हद्दीवर लोंबते. मग शेजाऱ्यालाही रीतसर नोटीस द्यावी लागते. नाही दिली तर दाखला खोटा ठरतो आणि अर्ज परत जातो. नकाशावर बोट ठेवून ही रेषा फिरवायची मला इतकी सवय झाली आहे की तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या त्या लेआउटच्या चित्रावरही मी आधी तेच केलं. त्याचं पुढे सांगते.

आता आईसाठी. तू विचारलं होतंस की त्या विजेच्या खांबावर कागद कसला बांधलेला होता, व्हिडिओत दिसला तो. इथली ही रीत मलाही समजायला वेळ लागला. कुणी घर वाढवायचा अर्ज केला की त्या घरासमोरच्या खांबाला पारदर्शक पिशवीतली नोटीस प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधायची, तारखेसह फोटो काढायचा, आणि शेजारच्या घरांना पत्रंही धाडायची. त्यानंतर २१ दिवस कुणीही लेखी मत देऊ शकतो. कुणीही म्हणजे अगदी कुणीही. भिंतीला भिंत लागलेला शेजारी, पलीकडच्या गल्लीतला, किंवा तिथून नुसता कुत्रा फिरवायला जाणारा. आणि लोक देतात, आई! एका स्वयंपाकघराच्या वाढीवर तीन-तीन पानं. ही पत्रं कौन्सिलच्या वेबसाइटवर सगळ्यांना वाचता येतात. आपल्याकडे शेजाऱ्याविरुद्ध असं नावानिशी लिहिलं तर दोन पिढ्या बोलणं बंद होईल. इथे तीच माणसं दुसऱ्या दिवशी एकमेकांना हात करतात.

त्यात मजकूर बहुतेक दोनच गोष्टींचा असतो. आमच्या खिडकीतून डोंगर दिसायचा तो झाकला जाईल, आणि आमच्या घराची किंमत उतरेल. कायद्याने या दोन्ही गोष्टी मोजायच्याच नाहीत. नजारा कुणाच्या मालकीचा नसतो आणि शेजाऱ्याच्या घराचा भाव हा आमचा विषय नाही. मोजायचं ते उजेड, आडोसा, आवाज, रहदारी, पाणी. उजेडासाठी शेजाऱ्याच्या सगळ्यात जवळच्या खिडकीच्या मध्यातून ४५ अंशांची रेघ काढतो. नवी भिंत त्या रेघेला ओलांडून गेली की खोलीत अंधार येणार हे समजायचं. आडोशासाठी समोरासमोरच्या खिडक्यांत साधारण २१ मीटर अंतर बघतो. पण मोजायचं नसलं म्हणून पत्र बाजूला टाकता येत नाही. प्रत्येक मुद्दा अहवालात घ्यायचा आणि तो का धरला किंवा का धरला नाही ते लिहायचं. वाद मोठा असेल तर प्रकरण कमिटीपुढे जातं. तिथे विरोध करणाऱ्याला आणि अर्जदाराला प्रत्येकी तीनेक मिनिटं मिळतात आणि निवडून आलेले सभासद सगळ्यांसमोर हात वर करून मत देतात. आमच्या शिफारशीविरुद्ध गेले तरी तो त्यांचा अधिकार. फक्त नाकारायचं कारण टिकणारं लागतं, नाहीतर ब्रिस्टलच्या अपील कार्यालयात कौन्सिल हरते आणि समोरच्याचा खर्चही अंगावर येऊ शकतो. अपिलाचा हक्क मात्र अर्जदारालाच. शेजाऱ्याला कोर्टाशिवाय वाट नाही. म्हणूनच बहुधा ते एवढी लांब पत्रं लिहितात.

माझा खरा जीव आहे तो पाण्याच्या कामात. शेतावर चाळीस घरं आली की आजवर मातीत मुरणारं पाणी छपरांवरून आणि डांबरावरून एकदम खाली येतं. ते कुठे जाणार याचं उत्तर कागदावर मिळेपर्यंत मी पुढे सरकत नाही. क्रम ठरलेला आहे. आधी जमिनीत मुरवा. मुरत नसेल तर ओढ्यात सोडा. ओढा नसेल तर पावसाच्या पाण्याच्या गटारात, आणि अगदीच इलाज नसेल तेव्हा मैल्याच्या सामायिक गटारात. मुरतं की नाही हे सांगून चालत नाही, करून दाखवावं लागतं. जिथे शोषखड्डा होणार तिथे तेवढाच खोल चर खणायचा, पाण्याने भरायचा, आणि पाणी ७५ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर उतरायला किती वेळ लागला ते मोजायचं. हे एकदा करून भागत नाही, लागोपाठ तीनदा. पहिल्या वेळी कोरडी माती ढसाढसा पिते, तिसऱ्या वेळी तिचं पोट भरलेलं असतं. तिन्हींतला सगळ्यात मंद आकडा धरायचा.

गडबड इथेच होते. बिल्डर चाचणी ऑगस्टमध्ये करतो, एकदा भरतो आणि अहवाल देतो. फेब्रुवारीत त्याच शेतात भूजल वर आलेलं असतं. शोषखड्ड्याचा तळ भूजलाच्या किमान १ मीटर वर हवा, तो प्रत्यक्षात पाण्यातच बसतो. चिकणमाती असेल तर बोलायलाच नको. मग तळं काढावं लागतं, तळ्याला जागा लागते, आणि त्या जागेत तीन-चार घरं बसत होती. हे भांडण परवानगीआधी झालं तर नकाशावर होतं. परवानगीनंतर झालं तर खालच्या वाडीतल्या लोकांच्या ओट्यावर होतं. म्हणून मी हटून बसते, आणि त्याबद्दल मला वाईट वाटत नाही.

जीवजंतूंचंही असंच. न्यूट म्हणून बेडकाच्या जातकुळीचा, पण पालीसारखा दिसणारा एक प्राणी आहे. त्याच्या मोठ्या तुरेवाल्या जातीला इथे कायद्याचं संरक्षण आहे. शेतात डबकं असलं की तो आहे का ते शोधायचं, आणि ते मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतच. जुलैत जाग आलेला बिल्डर पुढच्या वसंतापर्यंत बसून राहतो. २०२४ पासून तर जागेवर होती त्यापेक्षा निदान १० टक्के जास्त निसर्गसंपदा उभी करायची आणि ३० वर्षं राखायची, असाही नियम आला आहे.

आई, तुझी काळजी समजते, पण "एकटी रानावनात फिरते" हे खरं नाही. निघताना कुठे चालले, किती वाजता परतेन ते ऑफिसच्या कॅलेंडरवर टाकते. वेळेत फोन गेला नाही तर तिकडून फोन येतो. बूट, शिरस्त्राण, चमकतं जाकीट सगळं ऑफिसचं. डिसेंबरात चारच्या सुमारास अंधारतं, म्हणून जागापाहणी तीनच्या आत. आणि बाबा, कुणी "पाकीट" देतं का या तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही असंच आहे. भेटवस्तू नोंदवायला वही आहे, नको म्हटलेली वस्तूसुद्धा त्यात लिहायची. दबाव येतो, पण तो पत्रातून आणि कमिटीत, सगळ्यांना दिसेल असा. तुम्ही पाटबंधारे खात्यात जसे वागलात तशीच वागते. तुम्ही हे विचारलंत त्याचा मला जरा रागच आला होता, म्हणून त्या दिवशी फोन लवकर ठेवला. तसं करायला नको होतं.

आता प्लॉट. दीड गुंठा म्हणजे साधारण १६३० चौरस फूट, तुम्हा दोघांना पुरेसं घर होईल, हे मलाही पटतं. पण हात जोडून सांगते, इसार देऊ नका. त्या चित्रावर मी बोट फिरवलं तर लेआउटचा रस्ता मुख्य रस्त्याला मिळतच नाही. मधे पांढरी जागा आहे. ती कुणाची? वहिवाट आहे असं एजंट म्हणेल. वहिवाट तोंडी असते, आपल्याला ती नकाशावर किंवा दस्तात हवी.

ही कागदं मागा. सातबारा ताजा, आणि त्यातला "इतर हक्क" रकाना आधी वाचा. बँकेचा बोजा, कूळ, वारसाचा वाद तिथेच सापडतो. भोगवटादार वर्ग-२, म्हणजे सरकारी अटींवर दिलेली जमीन, असेल तर परवानगीशिवाय विक्री नाही, तिथूनच परत फिरा. गेल्या ३० वर्षांचे फेरफार वकिलाकडून बघून घ्या. झोन दाखला आणि विकास योजनेचा भाग नकाशा घ्या, त्यावर शेती विभाग की रहिवास, आणि रस्त्याचं किंवा बागेचं आरक्षण आहे का ते कळेल. एन. ए. (बिगरशेती) आहे म्हणाले तर आदेशाची प्रत, आणि सही-शिक्क्याचं मंजूर रेखांकन. रंगीत पत्रक म्हणजे रेखांकन नव्हे. लेआउट ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा आणि आठापेक्षा जास्त प्लॉटांचा असेल तर महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचा, नंबर असला पाहिजे. "गुंठेवारीत होऊन जाईल" यावर विसंबू नका. शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडू न देणारा तुकडेबंदीचा कायदाही १९४७ चाच आहे, त्यात सवलती निघतात, पण आपला तुकडा सवलतीत बसतो हे लेखी मिळेपर्यंत ती सवलत आपली नाही. शेवटी भूमी अभिलेखची मोजणी. चारही खुणा जागेवर बघितल्याशिवाय सही करू नका.

यादी वाचून तुम्ही म्हणाल, सांगायला सोपं आहे. खरं आहे. मी इथे परक्यांचे बांध तपासते आणि आपल्यासाठी तलाठी कार्यालयात तुम्ही गुडघे दुखत असताना उभे राहता. दादाला एक दिवस रजा काढून सोबत न्याच. मी त्याला फोन करते. पैशांचं म्हणाल तर फेब्रुवारीपर्यंत माझ्याकडून दोन लाख नक्की येतील, वकिलाची फी वेगळी पाठवते. आईच्या मोडायच्या ठेवी तशाच राहू देत.

आणि आत्याने आणलेलं स्थळ. फोटो बघितला, पत्रिका उघडली नाही. मी नाही म्हटलेलं नाही, आत्याला तसं सांगू नका. फेब्रुवारीत पंधरा दिवसांची रजा मंजूर झाली आहे, तेव्हा भेटेन. पण नोकरी सोडून येणार का, असं त्यांनी आधीच विचारलंय म्हणे. इथल्या नगररचनाकारांच्या संस्थेच्या सनदी सभासदत्वासाठी दोन वर्षांच्या कामाचा लेखी हिशेब द्यायचा आहे, तो अर्धा झालाय, तेवढं पुरं करू द्या. पुढचं त्या मुलाशी मी स्वतः बोलेन. भाऊबीजेला फोनवरून ओवाळलं, दादा हसला, पण वहिनीने सांगितलं की ताट त्याने बराच वेळ तसंच ठेवलं होतं. माझ्या डोक्यातून ते जात नाही.

आजीला नमस्कार. सातबाऱ्याचा फोटो पाठवा, इतर हक्कांचा रकाना कापू नका.

तुमची,
माई

ता. क. प्लॉट तुम्हाला दिवाळीनंतर दाखवला, तेव्हा सगळंच कोरडं असतं. शेजारच्या शेतकऱ्याला गाठा आणि जुलैत पाणी कुठवर उभं राहतं ते त्याला पायाने दाखवायला सांगा. एजंट बरोबर नसताना.