नववीची मुलं वर्कशॉपवर येणार, म्हणून

बीलेफेल्ड, जर्मनी, १८ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

शाळा नववीची चार मुलं आठवडाभर तुझ्या वर्कशॉपवर पाठवणार, हे वहिनीच्या मेसेजवरून कळलं. इथे ही पद्धत जुनी आहे. आमच्या नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यात आठवीत मुलं एकेका दिवसासाठी तीन वेगवेगळी कामं बघून येतात आणि नववी-दहावीत दोन-तीन आठवडे एकाच ठिकाणी जातात. त्याला ‘प्राक्टिकुम’ म्हणतात. पगार नसतो, अपघाताचा विमा शाळेकडून असतो. विम्याचं तूही शाळेकडून आधी लिहून घे, तोंडी नको.

तासांचा कायदा इथे कडक आहे. शाळा सक्तीची असलेल्या वयातल्या मुलांना दिवसाला ७ आणि आठवड्याला ३५ तास, त्याहून जास्त नाही. सहा तासांवर काम असेल तर एक तास सुट्टी. ती तुकड्यांत दिली तरी १५ मिनिटांहून छोटा तुकडा सुट्टीत धरत नाहीत, आणि सलग साडेचार तासांच्या पुढे काम नाही. तू सहाच तास ठेव. दिवसभर उभं राहायची त्यांना सवय नसते आणि हात चुकतात ते दुपारनंतरच.

आठवडा वाया जातो तो बहुतेक वेळा माणूस नेमलेला नसतो म्हणून. ‘सगळे मिळून बघा रे’ म्हटलं की कोणीच बघत नाही. मग मुलं सीएनसीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या, काचेसमोर उभी राहतात, नाहीतर चहा आणायला जातात. दोन मुलांमागे एक माणूस दे, आणि तो रजेवर गेला तर कोण, हेही आत्ताच ठरव. तुझा सगळ्यात हुशार फिटर मात्र देऊ नकोस. त्याच्यामागे डिस्पॅचची घाई असते, तो मुलाच्या हातातली कानस काढून घेऊन स्वतःच काम उरकतो. इथे हे काम दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या अप्रेंटिसकडे देतात. आपल्याकडे आयटीआयचा पोरगा चालेल. आपलं कुठे अडलं होतं, ते त्याच्या अजून लक्षात असतं.

पहिल्या दिवशी भाषण नको. वीस मिनिटं मशीनपाशी उभं राहून सांगा आणि तेच त्यांच्याकडून परत वदवून घ्या. गॉगल आणि बंद बूट हवेतच. ओढणी, मोकळे केस, मनगटातले धागे चालणार नाहीत. ड्रिलवर हातमोजे अजिबात नाहीत, फिरत्या ड्रिलने मोज्याचं टोक पकडलं की हात सुटत नाही. इमर्जन्सी स्टॉप प्रत्येकाला एकदा दाबायला लावा. भट्टीकडे कोणाला नेऊच नकोस.

मग एक जॉब दे, जो सुरू करून संपेल आणि घरी नेता येईल. मोबाइल स्टँड बरा पडतो. अ‍ॅल्युमिनियमची २ मिमी जाड, ४० बाय २०० मिमीची पट्टी. ६०८२ टी६ हा कडक प्रकार घेऊ नकोस, वाकवताना बाहेरच्या अंगाला चीर जाते. ५०५२ किंवा १०५०, मऊ टेम्परची, म्हणजे सहज वाकणारी घे. हॅक्सॉला, म्हणजे धातू कापायच्या करवतीला, इंचाला ३२ दात्यांचं ब्लेड लाव. जाड दात्यांचं असलं तर पातळ पट्टीत एका वेळी एकच दाता बसतो, मग ब्लेड अडकतं आणि मूल आणखी जोर लावतं. कानशीला आधी खडू घासा, नाहीतर किस दातांत बसतो आणि पट्टीवर खोल ओरखडे पडतात. कड गोल होते ती हात झुलतो म्हणून. व्हाइस, म्हणजे पट्टी धरायचा शिकंजा, कोपराच्या उंचीला हवा, मुलं बुटकी असतील तर पायाखाली फळी दे.

चार्जरसाठी १२ मिमीचं भोक, टोकापासून ३० मिमीवर, वाकवण्याआधी. खुणा आणि सेंटर पंच (भोकाच्या मध्यावर ठोकून केलेला खड्डा) मुलं करतील, ड्रिल ऑपरेटर मारेल. खाली लाकूड, वर क्लॅम्प. पातळ पत्र्यातून ड्रिल आरपार जाताना पकडतं आणि हातात धरलेली पट्टी पंख्यासारखी फिरते. मग त्याच टोकापासून १५ मिमीवर मोबाइल टेकायचा ओठ काटकोनात, आणि ११० मिमीवर उलट्या दिशेने मोठा वाक. ओठ आधीच वाकवायचा, मागाहून व्हाइसमध्ये धरायला जागा राहत नाही. व्हाइसच्या जबड्यात ३ मिमी गोलाई घासलेला अँगल बसव. प्रत्येकामागे तीन पट्ट्या धर. पहिली बिघडतेच. ती फेकू नका, चीर कुठून गेली ते तिच्यावरच दाखवा.

रोज शेवटची दहा मिनिटं वहीसाठी ठेवा. नाहीतर पाचही दिवस ‘आज मशीन बघितलं’ एवढंच लिहिलेलं असतं. दोन गोष्टी विचारायच्या: आज काय बिघडलं, आणि कशाचा कंटाळा आला. ‘उभं राहायचा कंटाळा आला’ असं उत्तर आलं तर त्या मुलाला दुसऱ्या दिवशी तपासणीच्या टेबलावर व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, घेऊन बसव. एकच माप तिघांनी घेतलं आणि तीन आकडे आले की त्यावर अर्धा तास सहज जातो. शेवटच्या दिवशी एक पान ऑफिस आणि स्टोअर्ससाठीही ठेव. वर्कशॉप म्हणजे फक्त मशीन असं मुलांना वाटतं. चलन, रेट, रिजेक्शन हे कोणी दाखवत नाही.

बारा पट्ट्या लागतील, दोन जास्तीच्या धर. शाळेला तारीख देण्याआधी त्या कापून ठेव.

आईला नमस्कार. वहिनीला सांग, मेतकूट पोचलं.

तुझा,
बाळू