आयपीव्ही ६ बंद करणे हा इलाज नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

प्रोग्रॅम सर्व्हरशी जोडला जात नसेल तर संगणकावरील आयपीव्ही ६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत; जुनी ती आयपीव्ही ४) सरळ बंद करावे, असा सल्ला आपल्या तंत्रज्ञान पुरवणीत वाचला. त्याने अडलेले काम तेवढ्यापुरते मार्गी लागते हे मान्य. पण दोष नेमका कुठे आहे हे शोधायची वाटच त्यामुळे बुजते.

ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोड जेएसचेच पाहा. सतराव्या आवृत्तीआधी एखाद्या नावाचे पत्ते शोधले की आयपीव्ही ४ चे पत्ते आपोआप पुढे आणले जात. त्या आवृत्तीपासून ऑपरेटिंग सिस्टीम देईल तोच क्रम पाळला जाऊ लागला. त्यामुळे ‘लोकलहोस्ट’ (म्हणजे स्वतःचाच संगणक) म्हटल्यावर पुष्कळ संगणकांवर ‘::१’ हा आयपीव्ही ६ चा पत्ता आधी येऊ लागला आणि केवळ ‘१२७.०.०.१’ या आयपीव्ही ४ च्या पत्त्यावर ऐकत बसलेला सर्व्हर बंद असल्यासारखा भासू लागला. वास्तविक ‘::१’ हा पत्ता त्रुटीसंदेशातच छापलेला असतो, पण संदेश शेवटपर्यंत वाचतो कोण? इथे सर्व्हरला दोन्ही पत्त्यांवर ऐकायला लावले की काम भागते.

दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. आयपीव्ही ६ चा मार्ग वाटेत कुठेतरी तुटलेला असला, तरी ब्राउझर थोडा वेळ थांबून आयपीव्ही ४ चीही जोडणी सुरू करतो आणि जी आधी लागेल ती वापरतो, त्यामुळे वापरणाऱ्याला काहीच जाणवत नाही. गो भाषेची नेटवर्क लायब्ररी मुळातच ३०० मिलिसेकंदांनी असा दुसरा प्रयत्न करते. नोडमध्ये ही सोय विसाव्या आवृत्तीपासून आपोआप चालू असते. पायथन भाषेचे नेहमीचे सॉकेट (जोडणी करणारा भाग) मात्र एकेक पत्ता रांगेने तपासते आणि वेळमर्यादा घातलेली नसेल तर पहिल्याच पत्त्यावर मिनिटभर किंवा त्याहूनही अधिक काळ अडकून राहू शकते. मग ‘ब्राउझरमध्ये तर चालते’ म्हणत सगळा दोष भाषेच्या माथी मारला जातो. कर्ल या जोडणी करून पाहण्याच्या आज्ञेला एकदा ‘-४’ (केवळ आयपीव्ही ४) आणि एकदा ‘-६’ (केवळ आयपीव्ही ६) देऊन तीच जोडणी करून पाहिली, तर मार्ग तुटला आहे की प्रोग्रॅम चुकला आहे, हे लगेच कळते.

जावात केवळ आयपीव्ही ४ वापरण्याचा पर्याय आहे. घाईत तो सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये घातला जातो आणि तिथेच राहतो. पुढे केवळ आयपीव्ही ६ वर असलेला सर्व्हर आला की कारण कोणालाच सापडत नाही.

तेव्हा असा पर्याय वापरावाच लागला, तर तो त्या एका प्रोग्रॅमपुरता ठेवावा आणि शेजारी तारीख व कारण लिहावे, एवढी दुरुस्ती पुरवणीने छापावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक