सूचना: ऑस्ट्रेलियातील नॅशनल रिड्रेस स्कीमसाठी अर्ज, मुदत ३० जून २०२७

सभासदांना नमस्कार,

ही योजना संस्थांमध्ये (शाळा, चर्च, अनाथाश्रम वगैरे) लहानपणी लैंगिक अत्याचार झालेल्यांना भरपाई देते. या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनपुढे (२०१३ ते २०१७) खासगी बैठकीत सगळं सांगितलं असलं, तरी भरपाईचा अर्ज आपोआप होत नाही. तो वेगळा करावा लागतो. लैंगिक अत्याचार १ जुलै २०१८ पूर्वी, वय १८ पेक्षा कमी असताना, संस्थेच्या जबाबदारीत झालेला हवा. अर्जदार ऑस्ट्रेलियाचा नागरिक किंवा कायमस्वरूपी रहिवासी हवा.

अर्ज एकदाच करता येतो, म्हणून घाईने, एकट्याने भरू नका. रिड्रेस सपोर्ट सर्व्हिसचे कार्यकर्ते मोफत सोबत बसतात आणि लिहिताना त्रास झाला तर थांबवतातही. फॉर्ममधली काही माहिती संस्थेकडे जाते. कोणती, हे लिहिण्यापूर्वीच विचारून घ्या. पत्ता आणि फोन सुरक्षित असलेलाच द्या. घरच्यांना ठाऊक नसताना पाकीट त्यांच्या हाती पडलं, तर फार वाईट होतं.

सर्वांत जास्त चूक ऑफर आल्यावर होते. रक्कम दीड लाख डॉलरपर्यंत असू शकते. पूर्वी संस्थेकडून मिळालेले पैसे त्यातून वजा होतात. ऑफर स्वीकारलीत की त्या संस्थेवर दिवाणी दावा करता येत नाही. विचाराला सहा महिने असतात, तेवढे घ्याच. सही करण्याआधी 'नोमोर' (knowmore) या कायदेशीर मदत सेवेच्या वकिलांशी बोला, सल्ला मोफत आहे: १८०० ६०५ ७६२.

स्कीम: १८०० ७३७ ३७७. मराठी दुभाषी हवा असल्यास आधी १३१ ४५० लावा. नात्यातल्या माणसाला दुभाषी करू नका, त्याच्यासमोर बोलणं अडतं.