उद्या मोकळ्या हातानं जाणार आहे

तीर्थरूप आई आणि अण्णा,
साष्टांग नमस्कार.

वहिनीच्या मोबाईलवर हे टाकतेय. वहिनी, अक्षर मोठं करून मोबाईल अण्णांच्या हातात दे, ते स्वतः वाचतील, आणि आईला तू वाचून दाखव, मधलं काही गाळू नको. फोनच करणार होते पण अण्णांना फोनवरचं आता ऐकू येत नाही, तीस वर्षं मागाच्या खडखडाटात काढल्यावर कान कुठून शाबूत राहणार, आणि आईशी हे बोलायला लागले की मलाच रडू येईल म्हणून लिहितेय.

उद्या गुरुवारी सकाळी दहाला इंटरव्ह्यू आहे. ट्रस्टचं हॉस्पिटल आहे, आयसीयू आहे, डिलिव्हरी वॉर्ड आहे, स्टाफ नर्सच्या जागा आहेत आणि फ्रेशर चालतील असं लिहिलंय. मावशीच्या घरकुलातून शेअर रिक्षानं अर्धा तास लागतो.

आई, आधी तुला सांगायचंय ते सांगते. दादाच्या लग्नात भरलेल्या हिरव्या बांगड्या मी आज काढल्या. वाढवल्या नाहीत बग, काढल्या, एकसुद्धा वाढली नाही. एका हातात सात, एका हातात सहा होत्या. कासारणीनं तेव्हा दाबून दाबून भरल्या होत्या त्यामुळं सहज निघेनात. मावशीनं परातीत पाणी घेतलं, माझ्या हाताला साबण चोळला, मग दुधाची पिशवी धुऊन ती हातावर चढवली आणि म्हणाली अंगठा आत घे, मूठ लहान कर, श्वास सोड. पिशवीवरून एकेक बांगडी सरकत गेली. अंगठ्याच्या सांध्यापाशी अडकायची, तिथं कातडी लाल झाली, पण निघाली. तेराच्या तेरा मोजून, पुसून, रुमालात गुंडाळून तू शेंगा चटणी दिलेल्या स्टीलच्या डब्यात ठेवल्यात, डबा घासून कोरडा केलाय आधी. तू म्हणशील लग्नघरचा चुडा, महिना पण झाला नाही, पोरीच्या जातीनं भुंड्या हातानं चांगल्या कामाला जाऊ नये. मला माहितीय तुला लागेल. म्हणून का काढल्या ते नीट सांगते, ऐकून घे.

लग्नानंतर चौथ्या दिवशी जो इंटरव्ह्यू दिला होता त्याचं मी तुम्हाला "बरा झाला" एवढंच सांगितलं होतं. तो बरा झाला नव्हता. तुझी मोरपंखी काठपदर साडी, हातभर मेंदी, बांगड्या, गजरा असं सगळं करून गेले होते कारण तू म्हणालीस की साडीत पोरगी चांगल्या घरची दिसते, आणि मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. रिक्षातून उतरून उन्हात चालत गेले तर पोचेपर्यंत पाठ पूर्ण भिजली. तोंडी प्रश्न झाले, ते मला आले. मग तिथल्या मेट्रन मॅडम वॉर्डातल्या बेसिनपाशी घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, हात धुऊन दाखव.

हात धुवायच्या सहा पायऱ्या असतात, कॉलेजला पहिल्या वर्षी सुमन-के असं पाठ करून घेतात, हिंदीतली अक्षरं आहेत ती, सीधा, उल्टा, मुठ्ठी, अंगूठा, नाखून आणि शेवटचं के म्हणजे कलाई, मनगट. चाळीस ते साठ सेकंद लागतात सगळं नीट केलं तर. मी बाकी सगळं बरोबर केलं आणि मनगटापाशी आले तर हात जाईना, बांगड्या वर ढकलायच्या, परत खाली यायच्या, साबणाचा फेस बांगड्यांच्या मधे तसाच राहिला. मॅडम रागावल्या नाहीत. माझं मनगट धरलं, एक बांगडी वर उचलून खालचा फेस दाखवला आणि म्हणाल्या, "बाळा, हे तू पुढच्या पेशंटपर्यंत नेणार." बस एवढंच. पण आई, मी तीन वर्षं हेच शिकलेय ना, सिव्हिलला पोस्टिंग असताना रोज बांगड्या न घालता जायचे, आणि नेमकं इंटरव्ह्यूच्या दिवशी विसरले, कारण त्या दिवशी मी नर्स म्हणून तयार झालेच नव्हते, लग्नाला जायला तयार व्हावं तशी झाले होते.

पोटाचं ऑपरेशन झालेल्या बाईचे टाके बघताना, दोन दिवसांच्या बाळाला अंघोळ घालताना माझा हात आधी जातो. बांगडीखाली घाम, साबण, घाण साठते, तिथले जंतू धुऊन जात नाहीत. बांगडीच्या टोकानं ग्लोव्हज फाटतात. आणि काच फुटून पाळण्यात पडली तर. तू दोन बाळंतपणं सरकारी दवाखान्यात काढलीस, तुला कुठली सिस्टर हवी असती सांग.

आणि अण्णा, तुम्ही आईला समजावा. तुम्ही मागावर उभं राहायच्या आधी लग्नातली अंगठी काढून देवळीत ठेवायचात, घड्याळ काढायचात, बाही कोपरापर्यंत दुमडायचात, मी लहान असताना डबा घेऊन यायचे तेव्हा रोज बघायचे. पट्ट्यात काही अडकलं तर हात जाईल म्हणून. आईनं त्याला कधी अपशकुन म्हटलं नाही, उलट शिफ्ट सुटली की तीच अंगठी आठवणीनं परत द्यायची. माझंही तसंच आहे, कोपराच्या खाली काही नको, फक्त तुमचा हात वाचावा म्हणून अंगठी काढायची होती आणि इथं दुसऱ्याचा जीव आहे. सुट्टीला गावाकडं आले की आईच्या हातानं परत भरून घेईन.

आता कपड्यांचं. साडी चांगलीच असते, बऱ्याच जणी साडीत जातात आणि हॉस्पिटलवाल्यांना ती आवडतेही, पण मला साडीत भराभर चालता येत नाही आणि डमीवर सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाला वाचवायची पद्धत, दाखवायला लावलं तर गुडघ्यावर बसून मिनिटाला शंभर ते एकशे वीस या वेगानं छाती दाबावी लागते, तीस वेळा दाबायचं आणि दोन श्वास द्यायचे, तेव्हा पदर सांभाळू का पेशंट. म्हणून साधा पांढरट सुती पंजाबी ड्रेस, कोपराच्या वर बाही. शनिवारी पाणी आलं होतं तेव्हाच धुऊन घेतला, इथं चार-पाच दिवसांनी पाणी येतं तुम्हाला माहितीय, त्यामुळं इंटरव्ह्यूची तारीख कळल्यावर मी पहिल्यांदा पाण्याचा दिवस मोजला. भाताच्या पेजेची खळ दिली. पहिल्यांदा घट्ट झाली, कापड कडकड वाजायला लागलं, मग अण्णांचं आठवलं, खळ एवढीच की धागा ताठ उभा राहिला पाहिजे पण मोडला नाही पाहिजे. परत पाण्यात काढून पातळ खळ दिली, आता छान बसलाय. शेजारच्या काकूंची इस्त्री आणून आत्ताच फिरवली.

ओढणी दोन्ही खांद्यांना पिन लावून, म्हणजे वाकल्यावर पेशंटच्या अंगावर किंवा ट्रेमधे पडणार नाही. केसांचा अंबाडा, वर जाळी, गजरा नाही. कानात बारीक टॉप्स. नखं आज कापली, तळहात आपल्याकडं करून बघायचं, बोटाच्या टोकावरून नख दिसता कामा नये. मेंदी आता जवळजवळ गेलीय. सेंट नाही, ज्याला मळमळतंय, धाप लागलीय त्याला त्या वासानंच जास्त होतं. चपला नकोत, काळे रबरी तळाचे बूट घेतले, रात्री वॉर्डात टकटक होत नाही. आणि नव्या पेठेतून छातीला पिननं लावायचं छोटं घड्याळ आणलं, सेकंद काटा आहे त्याला, नाडी मोजताना मनगटावर घड्याळ नसलं तरी चालतं.

त्या घड्याळावर मी संध्याकाळभर सलाईनचे थेंब मोजतेय. अण्णा, तुम्हाला हे आवडेल, तुमच्या मागावरच्या पिकांच्या, म्हणजे आडव्या धाग्यांच्या, हिशोबासारखंच आहे. पाचशे एमएलची बाटली चार तासांत द्यायची, एक एमएलमधे वीस थेंब पाडणारा सेट आहे, तर मिनिटाला किती थेंब? पाचशे गुणिले वीस म्हणजे दहा हजार थेंब, चार तासांची मिनिटं दोनशे चाळीस, भागाकार केला की साधारण बेचाळीस येतात. पण बाटलीखाली उभं राहून पूर्ण मिनिट मोजायला वेळ कुठंय, म्हणून दहा सेकंदांत सात थेंब, सात सख्खं बेचाळीस. मागच्या वेळी मी कागदावर मांडत बसले होते, आता डोक्यात बसलंय. मावशीच्या माठाला तोटी आहे ती जरा सैल करून थेंब पाडत बसले होते, मावशी म्हणाली माठ रिकामा करतेस का काय.

फाईल लावली. वर बायोडाटा, मग दहावी, बारावी, जीएनएम या नर्सिंग कोर्सच्या तिन्ही वर्षांच्या मार्कशीट, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, आधार, चार फोटो. झेरॉक्सचे दोन सेट, सह्या करून. ओरिजिनल दाखवायला नेणार पण ठेवून येणार नाही. हेही तुम्हाला सांगितलं नव्हतं, मागच्या ठिकाणी ऑफिसमधे म्हणाले की एक वर्षाचा बाँड लिहून द्या आणि ओरिजिनल कागद आमच्याकडं जमा करा. मी म्हटलं घरी विचारून सांगते आणि उठून आले. दादा म्हणाला होता नोकरी मिळतेय तर दे की. मला नाही पटलं. त्या कागदांसाठी आईनं दिवसाला हजार हजार विड्या वळल्यात, ते दुसऱ्याच्या कपाटात कुलूपबंद ठेवून मी कामाला कशी लागू, उद्या आई आजारी पडली आणि काम सोडून यावं लागलं तर कागद मागत फिरायचं का. उद्याही असं काही म्हणाले तर झेरॉक्स देईन, ओरिजिनल नाही. अण्णा, यात तुमचं वेगळं मत असलं तर सकाळी वहिनीला मेसेज टाकायला सांगा, पण माझं ठरलंय.

प्रश्नांची तयारी मैत्रिणीबरोबर झाली. चुकीचं औषध दिलं गेलं तर काय करशील हे हमखास विचारतात. उत्तर एकच, लपवायचं नाही, पेशंट बघायचा, बीपी नाडी श्वास बघायचा, लगेच डॉक्टरांना आणि सिस्टर इनचार्जना सांगायचं, आणि घडलं ते फाईलला लिहायचं. वॉर्डातला कचरा टाकताना कुठली सुई कुठल्या डब्यात, पिवळी पिशवी कशाला लाल कशाला, हे पाठच आहे. आदर्श कोण विचारलं तर सगळ्या फ्लोरेन्स नाइटिंगेल म्हणतात. मी क्वो छिंगलान यांचं नाव सांगणार आहे. आपल्या सोलापूरचे डॉक्टर कोटणीस 1938 ला चीनला गेले, युद्धातल्या जखमींवर ऑपरेशनं केली आणि 1942 मधे तिथंच वारले, हे शाळेत सगळ्यांना शिकवतात. त्यांच्या बायको, याच क्वो छिंगलान, नर्स होत्या हे मात्र कुणी फारसं बोलत नाही. मला ते नाव घ्यायचंय, आणि इथंच घ्यायचंय.

बायोडाट्यात भाषा असा एक रकाना असतो. मराठी, हिंदी, थोडं इंग्रजी लिहून मी थांबले होते. मग आठवलं की सिव्हिलला फिमेल वॉर्डात एक म्हातारी आजी रात्रभर नोप्पी नोप्पी म्हणत होती, पोटावर हात ठेवून, कुणाला कळेना, मला कळलं कारण अण्णांबरोबर कारखान्यात काम करणारे सगळे काका तेलुगू बोलायचे आणि त्यांच्या घरी मी खेळले. दुखतंय म्हणत होती ती. मी जवळ बसून तिन्नावा, म्हणजे जेवलीस का, विचारलं तर माझा हात सोडेचना. अक्कलकोटकडचे पेशंट आले की दुखण्याला नोवु म्हणतात, ते कन्नड. म्हणून आता लिहिलंय, तेलुगू समजते, थोडी बोलते, कन्नड थोडी समजते. अण्णा, हे मला कॉलेजनं नाही दिलं.

सकाळी फोन करायचा तर नऊच्या आधी करा, त्यानंतर सायलेंटवर असेल. खाऊन जाणार आहे, कडक भाकरी अजून आहे, दुधात भिजवून. आई, देवापुढं दिवा लावशील तेव्हा माझ्यावर राग नाही ना तेवढं वहिनीकडून कळव, नुसतं "नाही" एवढं टाकलं तरी चालेल.

पाऊस पडला का तिकडं? अण्णांच्या कानात थेंब घालताना बाटली आधी मुठीत धरून जरा कोमट करा वहिनी, थंड घातले की चक्कर येते त्यांना.

मावशी हाक मारतेय, नळाला पाणी आलं. घागरी भरायला जाते.

तुमची धाकटी