वात बारीक करून किती काळ?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत सूर्याच्या भवितव्यावर आलेला लेख वाचला. ‘सूर्य विझायला ५ अब्ज वर्षं आहेत, तोवर निश्चिंत राहा’ असा त्याचा सूर. तो खरा नाही. सूर्याचं तेज दर अब्ज वर्षांत साधारण १० टक्क्यांनी वाढतं, त्यामुळे सुमारे १ अब्ज वर्षांतच समुद्र उडून जाऊ लागतील. घर सोडायची मुदत लेखात दिलीय त्यापेक्षा बरीच अलीकडे आहे.

पण माझा मुख्य आक्षेप ‘सूर्य गेला की सगळंच संपलं’ या वाक्याला आहे. तारे पुष्कळ आहेत. शेवटचे लाल बटू तारे, म्हणजे मंद जळणारे लहान तारे, विझायला १ वर चौदा शून्यं इतकी वर्षं लागतील. भास्कराचार्यांच्या संख्यामालिकेत या आकड्याला ‘जलधी’ म्हणतात. खरा प्रश्न त्यानंतरच्या अंधाराचा.

त्या अंधारात जीवन कसं तग धरेल, याचं गणित भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन यांनी १९७९ मध्ये मांडलं. माझ्या लहानपणी रेशनचं रॉकेल महिनाभर पुरवायचं असे. आजी आमचा अभ्यास आटोपला की कंदिलाची वात इतकी बारीक करायची की काचेत फक्त लाल ठिपका दिसे. डायसन यांचं म्हणणं जवळपास तेच. विश्व थंड होईल तसं आपणही थंड व्हायचं. तापमान निम्मं केलं तर विचार निम्म्या वेगाने चालतो, पण दर सेकंदाचा खर्च चौथ्या हिश्शावर येतो, म्हणजे तोच विचार निम्म्या ऊर्जेत होतो. अडचण एकच: थंड शरीराला स्वतःची उष्णता बाहेर टाकणं फार जड जातं. म्हणून मध्येमध्ये दीर्घ झोप काढायची, निवायचं, मग जागं व्हायचं. या हिशेबाने अख्ख्या मानवजातीला अनंत काळ पुरेल इतकी ऊर्जा सूर्य काही तासांतच उधळतो! थंडी इथे वैरी नाही, सोबतीण आहे.

१९९८ साली मात्र विश्वाचं प्रसरण वेग घेतंय हे कळलं आणि हिशेब फिसकटला. अशा विश्वात तापमान एका पातळीखाली उतरतच नाही. ती पातळी निरपेक्ष शून्याला, म्हणजे थंडीच्या शेवटच्या टोकाला, खेटून आहे, पण शून्य नाही. वात त्याहून बारीक होत नाही आणि रॉकेल मोजकंच, कारण दूरच्या दीर्घिका आवाक्याबाहेर निघून जातात. लॉरेन्स क्राउस आणि ग्लेन स्टार्कमन या भौतिकशास्त्रज्ञांनी आणखी एक शंका काढली. झोपलेल्याला उठवायला गजराचं घड्याळ हवं, आणि तेही ऊर्जा खातंच. आमच्या घरी चावीचं घड्याळ होतं. रात्री चावी द्यायला विसरलं की सकाळची एसटी हमखास चुके, त्यामुळे ही शंका मला पहिल्या वाचनातच पटली.

तरी वही मिटलेली नाही. ॲरिझोनातल्या किट पीकवरच्या ‘डेसी’ प्रकल्पात ५,००० प्रकाशतंतू लावून दीर्घिकांचा नकाशा काढतात. प्रसरणाला वेग देणारी कृष्ण ऊर्जा कालांतराने क्षीण होत असावी, असे इशारे त्यातून २०२४ आणि २०२५ मध्ये मिळाले. शिक्कामोर्तब व्हायचं आहे. झालंच तर डायसन यांची आकडेमोड पुन्हा काढावी लागेल.

तूर्त ५ अब्जांचा तो आकडा तेवढा दुरुस्त करून छापावा. मुलं पुरवणीची कात्रणं प्रकल्पवहीत चिकटवतात आणि परीक्षेत तेच लिहून येतात.

आपला,
एक निवृत्त विज्ञानशिक्षक, सातारा