लिहून टाक, ओंकार

नौपाडा, ठाणे

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालास, "बाबा, काल वॉर्डात एक लहान मुलगा गेला." मग मेसचं जेवण, नागपूरचा उकाडा असं काहीबाही बोलून फोन ठेवलास. मीही खोदून विचारलं नाही. पण तेव्हापासून बघतोय, रात्री तीन-तीन वाजता तू व्हॉट्सॲपवर दिसतोस. ड्यूटी असते, मान्य. रोजच असते का? असो. झोपेचं विचारणार नाही असं आईला कबूल केलंय.

तू तिसरीत असतानाची गोष्ट. आमच्या प्लँटमध्ये रात्रपाळीला गॅस्केट फाटलं, गरम ॲसिड उडालं आणि माझ्यासोबत कामाला असलेला गुरव भाजला. लॉगबुकात नोंद मीच केली. वेळ, पंपाचा नंबर, कोणता व्हॉल्व्ह बंद केला, ॲम्ब्युलन्स कधी आली. सकाळच्या माणसाने सही करून चार्ज घेतला. तो प्लँटचा. गुरवच्या ओरडण्याचा चार्ज कोण घेणार? ते मी कळव्याच्या पुलावरून घरी घेऊन आलो. आईला सांगवेना. तुझी चित्रकलेची वही टेबलावर होती, तिच्या पाठकोऱ्या पानांवर लिहायला बसलो. तुझ्या हत्तीचा जांभळा खडू मागून उमटला होता. गुरवची कातडी माझ्या हातमोज्याला चिकटली आणि त्या क्षणी मला पळून जावंसं वाटलं, हे त्या हत्तीवर लिहिलं. आजवर कोणाला बोललो नव्हतो. लिहिल्यावर झोप लागली. तेव्हापासून लिहितोय. (गुरव आता ठणठणीत आहे, नातवाला घेऊन तलावपाळीवर भेटतो.)

तू म्हणशील, मी दिवसभर लिहितच असतो. केसपेपर लिहितोस रे, पण त्यात नाडी, बीपी, औषधं आणि शेवटची वेळ. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांचा १९८६ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे. कॉलेजच्या मुलांना त्यांनी सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातलं सर्वांत सलणारं लिहायला लावलं. ज्यांनी काय घडलं आणि काय वाटलं, दोन्ही लिहिलं, त्यांना आधी वाईटच वाटलं. पण पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्याच्या फेऱ्या इतरांच्या मानाने त्यांच्या कमी झाल्या. नुसतं घडलेलं लिहिणाऱ्यांना तसा फायदा झाला नाही. तू डॉक्टर, तुला मी काय सांगणार. पण केसपेपरात "काय वाटलं" असा रकाना नसतो ना? डोळे लाल दिसत होते तुझे व्हिडिओ कॉलवर.

आणि हे फक्त झोपेसाठी नाही. सावित्रीबाईंनी १८७७ साली ओतूरहून जोतिरावांना पत्र लिहिलं, दुष्काळात माणसांचे, गुराढोरांचे काय हाल चालले आहेत त्याचं. नवऱ्याला लिहिलेलं पत्र, पण तेव्हाचा दुष्काळ आज आपल्याला त्यातून कळतो. आपली आजी ७२च्या दुष्काळात खडी फोडायला जायची, सुकडी खाऊन. तिचं एक अक्षर आपल्याकडे नाही. ती गेली आणि सगळं तिच्याबरोबर गेलं. मोठ्यांचं लिहायला लोक असतात. खडी फोडणाऱ्याचं, रात्रपाळीवाल्याचं, वॉर्डातल्या पोराचं त्यानेच लिहायला हवं, नाहीतर ते घडलंच नाही असं होतं. आजी आपल्या पोराचा पोरगा डॉक्टर झालेला बघायला हवी होती. मी तर दूधवाल्यालाही सांगतो.

भाषण झालं पुन्हा. माफ कर. तू लहान नाहीस.

पोस्टाने शंभर पानी वही पाठवतोय. त्या मुलाबद्दल लिही. नाव घालू नकोस, ते तुला कळतं. तो काय बोलायचा, त्याची आई कुठे बसली होती, तुला कोणाचा राग आला, सगळं. शुद्धलेखन बघू नकोस. मग कुलपात ठेव नाहीतर फाडून टाक, मी वाचायला मागणार नाही. आणि लिहूनही डोळा लागत नसेल तर तुमच्याच कॉलेजच्या मानसोपचार विभागात जा, त्यात कसला आलाय कमीपणा. नाहीतर मला फोन कर. तीन वाजता केलास तरी चालेल. झोपतोस ना, एवढं मात्र खरं सांग.

पार्सलमध्ये आईने लाडू टाकलेत, रूममेटला दे. आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन बुधवारी आहे, तिला फोन कर.

तुझा,
बाबा